बुलेटचे सोवळे

आमच्या स्टाफरूममध्ये गेले तीन आठवडे एकच चर्चा चालू आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याला मोटरसायकल घ्यायची आहे. बार्शी-कुर्डुवाडी रस्त्याने रोज जाऊनयेऊन सत्तरेक किलोमीटर प्रवास. त्याच्यासमोर दोन पर्याय आहेत: एका निवृत्त गृहस्थांकडची, बीडाच्या सिलिंडरची जुनी बुलेट, किंवा वडिलांच्या जामिनावर हप्त्यांनी घेतलेली नवी क्लासिक 350. प्रश्न त्याचा, पैसा त्याचा. निकाल मात्र आम्ही देऊन मोकळे झालो आहोत. 'जुनी घे. ती अस्सल. नवी म्हणजे नक्कल.' निकाल देणाऱ्यांत सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणारे आणि पावसाळ्यात चारचाकीने येणारे बहुसंख्य आहेत, एवढे नोंदवून पुढे जातो. मला हा निकाल नुसता चुकीचा नव्हे, अप्रामाणिक वाटतो.

रॉयल एनफील्ड ही मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची कंपनी. 1950 च्या दशकात भारतीय लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी गाड्या हव्या होत्या. त्या निमित्ताने 1955 साली मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली. मूळ इंग्रजी कंपनी 1970 च्या सुमारास संपली, तरी मद्रासचा कारखाना जवळजवळ तोच नमुना काढत राहिला. इतका की 1977 पासून तीच गाडी इंग्लंडला निर्यात होऊ लागली. हे सातत्य परंपरेवरच्या निष्ठेतून आले, असे आपण समजतो. वस्तुतः परवान्यांच्या बंदिस्त बाजारात बदलण्याची निकडच नव्हती. 1985 साली सीडी 100 आणि आरएक्स 100 रस्त्यावर आल्या, आणि पुढच्या दहा वर्षांत बुलेट बनवणाऱ्या कंपनीला आयशरमध्ये विलीन व्हावे लागले. म्हणजे आज आपण ज्याला शैली म्हणून हार घालतो, ते बऱ्याच अंशी साचलेपण होते. वीस-वीस वर्षे न बदललेला अभ्यासक्रम ज्यांनी शिकवला आहे, त्यांना ही जात ओळखता यायला हवी होती.

आता 'मूळ'पणाविषयी. आपण पाठचिकित्सा शिकवतो. मग हे कसे विसरतो, की बाजारात मिळणारी तीस वर्षांची गाडी ही मूळ संहिता नसतेच? टाकी पुन्हा रंगवलेली, कार्बोरेटर बदललेला, सिलिंडर दोनदा बोअर करून मोठा पिस्टन घातलेला, वायरिंग तीन मिस्त्र्यांच्या तीन हातांचे, आणि तो कानठळ्या बसवणारा सायलेन्सर तर उघड उघड प्रक्षेप. शाबूत राहतो तो चासी नंबर, म्हणजे फार तर पुष्पिका. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले ते प्रतींमध्ये अपपाठ शिरले होते म्हणून. प्रत जुनी आहे एवढ्यावरून ती शुद्ध ठरली असती, तर त्यांना हे कष्ट घ्यावे लागले नसते.

नवी गाडी ही नक्कल असेल, तर ती त्याच घराण्याने काढलेली सुधारित आवृत्तीही आहे. 2009 साली क्लासिक आली ती इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घडणीत घेऊन. 2021 साली तिचे 349 सीसीचे इंजिन पुन्हा नव्याने बांधले गेले आणि त्यात कंपने शमवणारा बॅलन्सर शाफ्ट आला. कार्बोरेटर त्याआधीच गेला होता. 'धडधड गेली, गाडीचा आत्मा गेला' असे आमचे एक ज्येष्ठ सर म्हणतात. सत्तर किलोमीटरनंतर तो आत्मा मनगटात उतरतो, याचा अनुभव त्यांनी घेतलेला नाही.

नव्या गाडीची गोल टाकी, दिव्यावरची ती टोपी, सारे वेषांतर आहे, हे मला मान्य आहे. 'क्लासिक' हे नाव जाहिरातीचे आहे हेही मान्य. (3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून आपण तो शब्द कशाकशाला चिकटवला, याचा हिशेब आधी द्यावा आणि मग कंपनीला नावे ठेवावीत.)

जुन्या बुलेटच्या बाजूने एकच खरा युक्तिवाद आहे, आणि तो आमच्यापैकी कोणी मांडत नाही. ती उघडता येते. पॉइंटमधले अंतर, टॅपेट, क्लचची केबल, सारे रस्त्याच्या कडेला चार पान्यांत जुळवता येते. नव्या गाडीत बिघाड झाला तर संगणक जोडल्याशिवाय कारण कळत नाही. जुनी सुरू करणे हीच एक विद्या होती. अँपिअरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूच दाबायची, डीकॉम्प्रेशनची खटकी ओढून पिस्टन माथ्यापलीकडे किंचित सरकवायचा, खटकी सोडायची आणि मग एकच पूर्ण किक. घाई केली की किक उलटून नडगीवर बसे. यंत्र आणि माणूस यांच्यातली ही ओळख नव्या गाडीने संपवली. तिला किकच नाही. हे नुकसान खरे आहे. पण या विद्येचे वारसदार आपण आहोत काय? मी स्वतः जुनी बुलेट अकरा वर्षे चालवली. पॉलिश पेपरने पॉइंट घासण्यापलीकडे माझी मजल गेली नाही. बाकीचे मिस्त्रीने केले आणि रुबाब मी केला.

माझ्या दृष्टीने निर्णायक गोष्ट वेगळीच आहे. कायम प्राध्यापकाची गाडी बंद पडली तर त्याचा किस्सा होतो. एक किरकोळ रजा टाकली की भागते. तासिका तत्त्वावरच्या माणसाची गाडी बंद पडली तर तास बुडतो, आणि तासाबरोबर पैसे. ते पैसेही कित्येक महिने उशिरा येणारे. शिवाय जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. अंगवळणी पडेपर्यंत ऐनवेळी पाय चुकीच्या पट्टीवर जातो. दोन्ही चाकांना ड्रम. कारखान्यांच्या हंगामात याच रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे आहे, ते काही सौंदर्यदृष्टीचा घात करण्यासाठी नव्हे. पंधरा वर्षांवरच्या गाडीची पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर यांचा खर्च वेगळाच. उलट 350 सीसीपर्यंतच्या नव्या गाडीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. हे आकडे स्टाफरूममध्ये कोणी उच्चारले नाहीत. अभिरुचीच्या चर्चेत आकडे काढणे आपल्याकडे असभ्यपणाचे मानतात.

परवा तो मला म्हणाला, "सर, तुम्ही तर जुनी वापरली आहे. तुम्ही सांगा." मी सांगितले, नवी घे, हप्ता जड वाटत असेल तर क्लासिकचाही नाद सोड आणि साधी 125 घे. तो थोडा हिरमुसला. आमच्या तीन आठवड्यांच्या व्याख्यानांनी एवढे काम केलेच होते.

जुन्या बुलेटचे मालक थांबायला तयार आहेत. गाडी चालू स्थितीत आहे, कागदपत्रेही नीट आहेत. ती अस्सल आहे याविषयी स्टाफरूमची खात्री आहे, पण आजपर्यंत एकाही कायम प्राध्यापकाने तिची किंमत विचारलेली नाही.