मॉडेलवरची धूळ आपल्याच रस्त्याची हवी

दिवसभर मी परभणीत गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो आणि रात्री २४ पट लहान गाड्या मळवत बसतो. अशी मॉडेलं करणारी पोरं आता वाढलीत. हात चांगला आहे त्यांचा. पण देखावा बघावा तर अमेरिकेतला पेट्रोलपंप आणि पुढं चकचकीत मस्टँग! गंगाखेड रोडवरच्या काळ्यापिवळ्या जीपनं काय घोडं मारलंय?

मायकेल पॉल स्मिथ या अमेरिकन माणसानं ‘एल्गिन पार्क’ हे गाव १:२४ मापात उभं केलं. टेबल उघड्यावर मांडायचं, मागं खरी घरं-झाडं धरायची आणि साध्या डिजिटल कॅमेऱ्यानं फोटो काढायचा. बघणारे फसायचे. पण तो त्याच्या लहानपणीचा मुलूख होता. नक्कल करायची तर याची करा.

माल आपल्या पायाखालीच आहे. काळी माती आधी वस्त्रगाळ करावी. अर्ध्या मिलिमीटरचा खडा या मापात १२ मिलिमीटरचा दगड दिसतो. मग ती भिजवून ताटलीत पसरावी, उन्हात वाळवावी. थर जितका पातळ, तितक्या भेगा बारीक. झालं एप्रिलमधलं रान! जीप सनबोर्डची करावी. गंज दाराच्या खालच्या पट्टीला, मडगार्डच्या कडेला, म्हणजे पाणी मुरतं तिथंच दाखवावा. सगळ्या अंगाला फासला की गाडीला गंज नाही, नायटा झाल्यासारखा वाटतो.

फोटोला जुना मोबाइल उत्तम. त्याचा सेन्सर लहान, त्यामुळं जीप आणि मागची बाभूळ दोन्ही स्पष्ट येतात. मोबाइल उलटा धरावा, म्हणजे लेन्स खाली येते. टेबलापासून सहा-साडेसहा सेंटिमीटर, त्या मापातल्या उभ्या माणसाच्या डोळ्याइतकी. वरून काढलं की खेळणं दिसतं. आणि ट्यूबलाइट नको, उन्हाची एकच सावली पडू द्यावी.

हे आत्ताच करायला हवं. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं उलटलेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आहे. एसटीच्या बसही त्यात आल्या. अ‍ॅम्बेसेडर बनणं तर २०१४ लाच थांबलं. तहसीलची जीप भंगारात गेल्यावर माप कशाचं घेणार? विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी पुष्कळ झाले. गुरुजी, कार्यानुभवाच्या तासाला पोरांच्या हातात टेप द्या, आगाराची परवानगी काढा आणि एखाद्या जुन्या लालपरीची लांबी, रुंदी, खिडक्या, मागच्या शिडीच्या पायऱ्या वहीत उतरवून घ्या. सनबोर्ड कापायला मी येतो.