कासला गालिचा नाही, कातळ आहे

सप्टेंबर आला की आमच्याकडे कासच्या सहलीची चर्चा सुरू होते. सहलीनंतरचा निबंधही ठरलेला : 'मी पाहिलेले कास पठार'. मागच्या वर्षी चौथीच्या वह्या तपासताना लक्षात आलं, जवळपास प्रत्येक वहीत एकच वाक्य. निसर्गाने रंगीबेरंगी फुलांचा गालिचा अंथरला होता. यात मुलांची चूक नाही. फळ्यावर मीच ते लिहून दिलं होतं.

आता ते वाक्य मला खटकतं. गालिचा म्हणजे पाय ठेवायची, बसायची वस्तू. आणि आम्ही नेमकं तेच केलं होतं. फोटोसाठी मुलांना फुलांत बसवलं, तर तिथला एक मार्गदर्शक धावतच आला. "मॅडम, पोरांना उठवा आधी! खाली माती किती आहे बघा." त्याने बोट रोवून दाखवलं. एक पेरभर आत गेलं नाही, तोच कातळ लागला.

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचं हे जांभ्या दगडाचं पठार साधारण १२०० मीटर उंचीवर आहे. आल्प्ससारख्या उंच डोंगरांवरच्या बुटक्या वनस्पतींसाठी युरोपात मुद्दाम दगड रचून, खडी घालून बागा करतात. लंडनच्या क्यू उद्यानात अशी बाग १८८२ साली तयार झाली. त्या वनस्पती थंडीवाऱ्यामुळे जमिनीलगत वाढतात. कासला बर्फ नाही, पण माती पातळ, वारा सोसाट्याचा, पावसाळ्यात पाणीच पाणी आणि उन्हाळ्यात तापलेला कोरडा दगड. म्हणून इथली रोपंही बरीचशी घोट्याएवढीच. फक्त ही दगडांची बाग कुणी माणसाने रचलेली नाही.

मातीत पोषण कमी, तर इथल्या काही वनस्पती चक्क किडे खातात! दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असतात, त्यात चिलटं अडकतात. सीतेची आसवं दिसायला किती नाजूक, पण तिच्या बारीक पिशव्या चिखलात सूक्ष्म जीव पकडतात. वायतुरा कंदाच्या रूपात उन्हाळा काढतो आणि पावसात वर येतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. हे सगळं सोडून आपण मुलांना 'मनमोहक दृश्य' लिहायला लावतो.

२०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशात गेलं. तेव्हापासून तर सहल म्हणजे कासच, असं झालंय. माझं मत स्पष्ट आहे : पन्नास मुलं एकदम नेऊ नयेत. दहा-दहाचे गट करावेत, पायवाट सोडू नये आणि एका रोपापाशी पंधरा मिनिटं तरी थांबावं. बस उशिरा सुटेल. सुटू दे. आणि इतकं लांब जाणं जमत नसेल, तर गावाजवळचा सडा बघा. त्याला आपण सर्रास 'पडीक' म्हणतो. पावसाळ्यात तिथेही गुडघे टेकून पाहण्यासारखं पुष्कळ असतं.

या वर्षी फळ्यावर काही लिहिलं नाही. फक्त विचारलं, 'कातळावर काय काय होतं?' वर्गात कधी फारसा न बोलणाऱ्या एका मुलाने दोनच ओळी लिहिल्या : "दवबिंदूला चिलट चिकटलं होतं. ते अजून पाय हलवत होतं."