छेद केवढा, हे नंतर विचारा

‘मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस जन्माचा आडवा होतो.’ हे एक. ‘आता दुर्बिणीतून होतं, बारीकशी चीर, आज भरती, उद्या घरी.’ हे दुसरं. हिंगोलीच्या मोंढ्यात किंवा सेनगावच्या एसटीत कंबर धरून बसलेल्या माणसाला ही दोन वाक्यं हमखास ऐकवली जातात. पहिलं शेजारी ऐकवतो, दुसरं जाहिरात. दोघं एकमेकांचे विरोधक वाटतात, पण दोघांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: कंबर दुखते म्हणजे आत कापण्याजोगं काहीतरी आहे. वाद फक्त कापावं की नाही आणि किती, एवढाच. माझा आक्षेप त्या गृहीतकालाच आहे.

हळद काढणीच्या दिवसांत वसमत-कळमनुरीच्या शिवारात बाया दिवसभर वाकून हळकुंडं वेचतात, गड्डे वेगळे करतात; गडी कढईतली शिजलेली हळद उपसतात, वाळली की पोती उचलतात. संध्याकाळी कंबर धरते. यातली बहुतेक दुखणी स्नायूंची आणि सांध्यांच्या ताणाची असतात आणि काही आठवड्यांत आपोआप उतरतात. म्हणून तर पायाळू माणसाचा पाय लावला की उसण गेली असं वाटतं. दुखणं उतरणीला लागलेलं असताना जो उपचार झाला, श्रेय त्याच्या पदरात. पायाळू निदान फिल्म काढायला पाठवत नाही.

‘पण एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतं की!’ हा समोरच्याचा हुकमी एक्का. दिसतं, खरं आहे. पण काय दिसतं? १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले होते. ६४ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकतीत काही ना काही बिघाड सापडला. २०१५ च्या एका आढाव्यात तीन हजारांवर निरोगी माणसांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या. चकती झिजल्याची खूण विशीतल्या ३७ टक्क्यांत होती, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. म्हणजे पन्नाशीच्या शेतकऱ्याची फिल्म काढली की ‘मणक्यात गॅप’ निघणार, हे बिनफिल्मचंही सांगता येईल. ती गॅपच दुखते आहे, हे मात्र फिल्म सांगत नाही.

आणि कापण्याची सवय लागली की काय होतं, हे मराठवाड्याला नव्याने शिकायला नको. बीडच्या ऊसतोड कामगार महिलांची २०१९ मध्ये पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पोट दुखतं, अंगावरून जातं, एवढ्या तक्रारीवर. मणक्याचं तसं झालंय असं मी म्हणत नाही. पण दारिद्र्य, भीती आणि ‘एकदाच काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला, हे त्रिकूट ओळखीचं आहे.

मग ऑपरेशन वाईटच? नाही, आणि इथे शेजाऱ्याचंही खोडलं पाहिजे. कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो, कळ गुडघ्याखाली पावलापर्यंत उतरते, तिथे गोष्ट वेगळी. चांगला डॉक्टर फिल्म उघडण्याआधी रुग्णाला उताणा झोपवतो, गुडघा न वाकवता पाय उचलतो. थोडा उचलताच पोटरीपर्यंत वीज चमकली तर नस दबल्याचा संशय बळावतो. मग तो पायाच्या अंगठ्यावर बोट ठेवून म्हणतो, ‘वर ढकला.’ अंगठा हरला, तर कोणती नस हेही कळतं. या खुणा आणि फिल्म एकाच जागी बोट दाखवत असतील, तेव्हाच चिरण्याची भाषा.

अशा रुग्णासाठी दुर्बीण खरोखर उपयोगी आहे. साधारण आठ मिलिमीटरची चीर, त्यातून नळी, नळीतून सलाईनची धार आणि कॅमेरा. पुष्कळदा फक्त जागा बधिर करतात, त्यामुळे रुग्ण जागा असतो आणि नसेला धक्का लागला तर तसं सांगू शकतो. नेदरलँड्समध्ये ६१३ रुग्णांवर तुलना झाली, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्या चिरेच्या शस्त्रक्रियेपुढे दुर्बीण कमी पडली नाही. जन्माचं आडवं होण्याची भीती मणक्याची कमान रुंद कापून काढत, त्या काळातली आहे. धोका शून्य नाही, पण तो अंथरुणाला खिळण्याचा शिरस्ता नव्हे.

घाई मात्र एकाच प्रसंगी करावी. लघवी अडकली, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, किंवा पाऊल लुळं पडलं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं. ताप येतोय, वजन उतरतंय, रात्री दुखून झोप मोडतेय, तर मणक्याचा क्षय तपासावा. तो बहुतांशी औषधांनी बरा होतो.

बाकीच्यांनी थांबावं. बाहेर आलेला चकतीचा तुकडा बहुधा शरीर स्वतःच खाऊन टाकतं, मोठा तुकडा तर पुष्कळदा लवकर. थांबायचं म्हणजे अंथरूण धरायचं नाही. जमेल तेवढं हिंडायचं.

इथे मोलमजुरी करणारा विचारेल, ‘थांबू, पण खाऊ काय?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला विज्ञानातही जागा आहे. २००७ च्या डच अभ्यासात लवकर ऑपरेशन केलेल्यांच्या पायाची कळ लवकर गेली. वर्षाअखेरीला मात्र थांबलेले आणि केलेले जवळजवळ सारखेच होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षाच्या आत शेवटी ऑपरेशन करावंच लागलं. पगारी माणसाला मधले महिने काढता येतात. रोजंदारीवरच्याला ते परवडत नसतील आणि नस खरंच दबलेली असेल, तर त्याने लवकर करून घेतलं यात मला काही गैर वाटत नाही. पण हा हिशेब पायाच्या कळेचा आहे. नुसत्या कंबरेसाठी कुणी तोच मांडू लागला, तर फिल्म उचलावी आणि दुसऱ्याचं मत घ्यावं. नांदेडला विष्णुपुरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०२४ पासून हिंगोलीतही आहे.