स्वमग्नांचे वार्धक्य
सन 1943 मध्ये अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ज्या 11 मुलांची हकिकत प्रसिद्ध करून स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्थान दिले, त्यांतील पहिले, मिसिसिपीतील फॉरेस्ट गावचे डोनाल्ड ट्रिपलेट, बँकेत अनेक दशके इमानेइतबारे नोकरी करून 2023 साली वयाच्या 89 व्या वर्षी निवर्तले. तरीही स्वमग्नता हा केवळ बाल्यावस्थेचा विषय, ही समजूत अद्याप कायम आहे. दिव्यांचा प्रखर झोत, अनपेक्षित स्पर्श आणि दवाखान्यातील कोलाहल ज्यांच्या इंद्रियांना असह्य होतो, ज्यांच्या हालचालींची लय निराळी असते आणि ज्यांना स्वतःची वेदना चटकन शब्दांत मांडता येत नाही, अशा प्रौढांचे दुखणे म्हणूनच पुष्कळदा अनुच्चारित राहते. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेची दखल घेतली आहे. आता चिकित्सकांनी स्वमग्न प्रौढांना शांत खोली, प्रत्येक तपासणीची पूर्वसूचना आणि उत्तरासाठी पुरेसा अवधी द्यावा.