तेल काळे पडले म्हणून काय झाले?

गॅरेजमधला हा प्रसंग तुम्ही पाहिला असेल. मिस्त्री इंजिनातील तेल मोजायची पट्टी बाहेर ओढतो, तिच्यावरचे तेल दोन बोटांत चोळतो आणि निकाल देतो, "सर, ऑइल पार काळं पडलंय. बदलून टाकू." गाडीचे मालक निमूटपणे मान डोलावतात. तेल बदलले जाते, पैसे दिले जातात. पण तेल खरोखरच निकामी झाले होते का, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

विद्यार्थी मित्रहो, माझा आक्षेप मिस्त्रीवर नाही. त्याच्या हाताला अनुभव असतो. माझा आक्षेप रंगाला पुरावा मानण्यावर आहे.

इंजिनात इंधन जळते तेव्हा काजळी निर्माण होते. तिचे कण एकमेकांना चिकटून गाळ साचू नये म्हणून तेलात काही रसायने मुद्दाम घातलेली असतात. ती काजळीचे कण सुटे सुटे धरून ठेवतात. तेव्हा तेल काळे दिसते, कारण ते आपले काम करीत असते! डिझेल इंजिनात तर नवे तेलही थोड्याच दिवसांत काळे होते. उलट, तेलात मिसळलेली बारीक धूळ, झिजलेल्या धातूचे सूक्ष्म कण किंवा संपत आलेली अल्कली डोळ्यांना दिसत नाही. ज्याने इंजिनाचा घात होतो त्यातले बरेचसे नजरेच्या पलीकडचे आहे.

मग ते ओळखायचे कसे? प्रयोगशाळेत तुम्ही ज्योतीची परीक्षा केली असेल. मिठाने ज्योत पिवळी होते, तांब्याच्या क्षाराने हिरवी. तेच तत्त्व येथे वापरतात. तेलाचा लहानसा नमुना विजेच्या ठिणगीत जाळतात, त्याचा प्रकाश वर्णपटात पसरवतात आणि कोणत्या मूलद्रव्याची रेषा किती तेजस्वी आहे ते मोजतात. दहा लाख भागांत एखाद-दुसरा भाग धातू असला तरी तो सापडतो. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रांड रेल्वेच्या प्रयोगशाळेने १९४६ च्या सुमारास या रीतीने डिझेल इंजिनांतील बिघाड आधीच हुडकायला सुरुवात केली. पुढे विमानांच्या इंजिनांसाठीही ही पद्धत वापरात आली. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही असे नमुने तपासले जातात.

लोखंड वाढले तर सिलिंडर किंवा दांडे झिजत आहेत, अल्युमिनियम वाढले तर बहुधा दट्ट्या, तांबे आणि शिसे वाढले तर बेअरिंग. सोडियम दिसले तर इंजिन थंड ठेवणारे पाणी कोठून तरी तेलात झिरपत असावे. आणि सिलिकॉन? ती बहुतेक वेळा रस्त्यावरची किंवा शेतातली धूळ असते.

समजा, एका ट्रॅक्टरच्या तेलात १०० तासांनी लोखंड १२ भाग भरले, २०० तासांनी २४. झीज एकसारखी आहे, चिंता नको. पण ३०० तासांनी आकडा एकदम ६० वर गेला आणि सोबत सिलिकॉनही चढले, तर हवेची गाळणी फाटली आहे किंवा तिची नळी सैल आहे, असा संशय घ्यायला हवा. येथे नुसते तेल बदलले तर पुढच्या नमुन्यात आकडे खाली येतील, मालकाला बरे वाटेल, आणि धूळ मात्र आत जातच राहील. म्हणून एकटा आकडा मला फारसा विश्वासाचा वाटत नाही. त्याची मागची हकीकत हवी. इंजिनात ८ लिटर तेल आहे आणि त्यात लोखंड ४८ भाग आहे. त्यातले २ लिटर गळून गेले आणि तेवढे नवे ओतले, तर आकडा लगेच ३६ होतो. इंजिन काही सुधारले नाही, केवळ मिश्रण पातळ झाले. वरून किती तेल घातले याची नोंद नसेल तर चांगली प्रयोगशाळासुद्धा फसेल.

या परीक्षेलाही मर्यादा आहेत. अगदी बारीक कण ती चांगले मोजते. बेअरिंगचा मोठा कपचा उडाला तर तो तिच्या नजरेतून निसटू शकतो. शिवाय धातूंवरून तेल किती काळ टिकेल ते कळत नाही. त्यासाठी तेलाचा दाटपणा, म्हणजे विष्यंदिता, आणि आम्लाला मारणाऱ्या अल्कलीचा शिल्लक साठा मोजतात. डिझेलमधील गंधकापासून आम्ल होते व ते हा साठा खाते. एप्रिल २०२० पासून भारतात वाहनांच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत १० भागांपर्यंतच चालते. तेव्हा आजोबांच्या काळातील "इतक्या मैलांना तेल बदल" हा नियम आजच्या इंजिनाला जसाच्या तसा लावणे मला पटत नाही.

याचा अर्थ प्रत्येकाने प्रयोगशाळा गाठावी असा नव्हे. स्कूटरमध्ये तेल जेमतेम लिटरभर असते. तपासणीपेक्षा नवे तेल स्वस्त पडेल. तेथे उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले किलोमीटर किंवा महिने, जे आधी संपेल ते पाळावे. महिन्यांची अट कशाला, असे काही शिक्षक विचारतील, कारण त्यांची स्कूटर घर ते शाळा एवढीच धावते. पण दोन किलोमीटरांत इंजिन पुरते तापतच नाही. मग आत जमलेले पाणी आणि पेट्रोल उडून न जाता तेलात राहते. थोडे धावणारे वाहन म्हणजे आरामात असलेले वाहन नव्हे! एसटीचे आगार, बोटी, मोठी जनरेटर-इंजिने यांची गोष्ट वेगळी. तेथे शेकडो लिटर तेलाचा प्रश्न असतो. नियमित तपासणी न करता ठरावीक तारखेला तेल ओतून देणे हा मी निव्वळ अपव्यय समजतो. निघालेले तेल भारतीय नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. गल्लीतल्या गॅरेजचे तेल कोठे जाते, हे तुम्हीच एकदा पाहून या.

एक परीक्षा शाळेतही करता येईल. गाळणकागद पेल्याच्या तोंडावर आडवा ठेवा आणि वापरलेल्या डिझेल-इंजिन तेलाचा एक थेंब मधोमध टाका. हातमोजे घाला, हे तेल त्वचेला अपायकारक असते. दुसऱ्या दिवशी पाहा. काजळी कडेकडे फिकट होत सर्वत्र पसरली असेल, तर तेलात अजून जोर आहे. मध्ये दाट काळा ठिपका, त्याला रेखीव कड आणि भोवती जवळजवळ स्वच्छ तेलाचे कडे दिसले, तर काजळी धरून ठेवण्याची त्याची शक्ती संपली आहे. धातू मात्र यातून कळणार नाहीत. गावातल्या एकाच ट्रॅक्टरचा थेंब दर ५० तासांनी घ्या. कागदावर तारीख, तास आणि वरून घातलेले तेल लिहा व सगळे कागद ओळीने वर्गाच्या भिंतीवर लावा.