तिकीट कोण देतं?

२६ जून २०१८ची संध्याकाळ. जॅक्सन हाइट्समधल्या एका शाळेवरून मी घरी चालले होते. फाटकाला मतदान केंद्राची पाटी होती, दारात एक कंटाळलेला पोलीस उभा होता आणि आत-बाहेर करणारं चिटपाखरूही नव्हतं. मी तेव्हा पीएचडी करत होते. ज्या मराठी काकांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते, ते दारापुढे खुर्ची टाकून बसले होते.

"काका, मत देऊन आलात?"

"आज? मतदान नोव्हेंबरात असतं गं."

"प्रायमरी आहे ना आज."

"ती पार्टीवाल्यांची भानगड. मी कुठल्याच पार्टीत नाव घातलेलं नाही. उगाच शिक्का कशाला मारून घ्यायचा?"

काकांना नागरिक होऊन वीस वर्षं झाली होती. माझ्याकडे विद्यार्थी व्हिसा. मत त्यांना होतं, उत्सुकता मला. दोन्ही एका घरात असूनही शाळेच्या फाटकातून आत कुणीच गेलं नाही.

त्या रात्री क्वीन्स आणि ब्राँक्सच्या त्या मतदारसंघात जो क्राउली हरले. क्राउली १९९९ पासून काँग्रेसमध्ये होते, तिथल्या डेमोक्रॅटिक नेत्यांत चौथ्या क्रमांकावर होते, नॅन्सी पेलोसींच्या नंतर सभापती म्हणून त्यांचं नाव घेतलं जात होतं, शिवाय क्वीन्स काउंटीतल्या पक्षाचे तेच अध्यक्ष. त्यांना हरवणाऱ्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ २८ वर्षांच्या होत्या आणि काही महिन्यांपूर्वीपर्यंत मॅनहॅटनच्या एका बारमध्ये गिऱ्हाइकांना पेयं देत होत्या. क्राउलींनी खर्च केलेला पैसा त्यांच्या किमान दहापट होता.

आता आकडे बघा. मतदारसंघात सात लाखांच्या आसपास माणसं राहतात. ओकासिओ-कॉर्टेझना मतं पडली सुमारे १७ हजार, क्राउलींना सुमारे १३ हजार. नोव्हेंबरात, म्हणजे काकांच्या 'खऱ्या' निवडणुकीत, त्यांना ७८ टक्के मतं मिळाली. तिथे डेमोक्रॅट उमेदवार पडणारच नव्हता. तेव्हा खासदार कोण हे त्या ३० हजार माणसांनी जूनमध्येच ठरवून टाकलं होतं, आणि नोव्हेंबरात आपण ज्याला लोकशाहीचं कर्तव्य म्हणून स्टिकर लावून फोटो काढतो, ते बहुतेक मतदारसंघांत आधीच लागलेल्या निकालावरचं शिक्कामोर्तब असतं.

तुम्हाला हे माहीत नाही असं नाही. पण आपल्या भाषेची एक गंमत बघा. तिकीट मिळालं, तिकीट कापलं, तिकीटवाटप झालं, असं आपण म्हणतो. देणारा कोण ते वाक्यात येतच नाही. तो मुंबईत किंवा दिल्लीत कुठल्या तरी बंगल्यात बसलेला असतो आणि आपण बाहेर थांबलेलो असतो. मतदाराने तिकीट दिलं, हे वाक्य मराठीत कुणी बोलत नाही, कारण तसं कधी घडलंच नाही. प्रायमरी म्हणजे नेमकं ते वाक्य. आपण इथे येऊन गहाण कर्ज, चारशेएक-के आणि मुलांच्या कॉलेजचे अर्ज असल्या सगळ्या किचकट गोष्टी शिकलो. ही एक मात्र 'पार्टीवाल्यांची भानगड' म्हणून सोडून दिली.

अमेरिकेत बंगलेवाले नाहीत असंही समजू नका. क्राउली पहिल्यांदा खासदार कसे झाले? १९९८ साली त्यांच्या आधीचे खासदार थॉमस मॅन्टन यांनी पुन्हा उभं राहण्याचे कागद भरले, इतरांची अर्ज भरायची मुदत टळून गेल्यावर माघार घेतली आणि मोकळी झालेली उमेदवारी पक्षाच्या समितीने क्राउलींच्या हातात ठेवली. मॅन्टन तेव्हा क्वीन्सच्या पक्षाचे अध्यक्षही होते. ती प्रायमरी झालीच नाही. पुढे २००४ नंतर २०१८ पर्यंत क्राउलींविरुद्ध प्रायमरीत कुणी उभंच राहिलं नाही. २०१८ साली एक वादसभा ठरली, तर ते स्वतः आले नाहीत, आपल्या वतीने एका माजी नगरसेविकेला पाठवलं. चौदा वर्षं कुणी विचारलं नाही की माणसाला असं वाटू लागतंच, त्यात क्राउलींचा विशेष दोष नाही. (हरल्यावर त्या रात्री त्यांनी गिटार घेऊन स्प्रिंग्स्टीनचं एक गाणं ओकासिओ-कॉर्टेझना अर्पण केलं. आपल्याकडचा पडलेला उमेदवार हे करताना मला तरी डोळ्यांपुढे येत नाही.)

निकालानंतर आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पहिला संदेश काय आला असेल? "आता बारवाली कायदे करणार!" त्याखाली हसण्याचे अकरा चेहरे. 'बारटेंडर' या शब्दाचं मराठीत आल्यावर काय होतं ते बघा. इंग्रजीत ती एक नोकरी आहे. मराठीत तो चारित्र्याचा दाखला होतो. हसणाऱ्यांत डॉक्टर होते, आयटीतले संचालक होते, आणि स्वतः विद्यार्थी असताना हॉटेलात भांडी घासल्याची गोष्ट दर दिवाळीला सांगणारे एक गृहस्थही होते. त्यांची भांडी म्हणजे संघर्ष आणि तिचा बार म्हणजे बार. ती बॉस्टन विद्यापीठाची पदवीधर आहे, बाप गेल्यावर आईने लोकांची घरं साफ केली, शाळेची बस चालवली, असं मी तिथे लिहिलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. पदवी नसती तर हसणं योग्य ठरलं असतं का?

निकोलस कार्न्स हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक या विषयावर बरीच वर्षं काम करत आहेत. 'द कॅश सीलिंग' हे त्यांचं पुस्तक त्याच वर्षी आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अंगमेहनतीची, सेवेची, कारकुनी कामं करणारे लोक देशात निम्म्याहून जास्त आहेत, पण काँग्रेसमध्ये तशा कामातून आलेले जेमतेम दोन टक्के. कारण त्यांची लायकी नाही किंवा लोक त्यांना मत देत नाहीत, असं नाही. कारण ते उभेच राहत नाहीत. वर्षभर पगार सोडून दारोदार फिरणं त्यांना परवडत नाही, आणि पक्षाचे लोक 'उभे राहा' म्हणून त्यांच्याकडे जातच नाहीत.

मी पोस्टडॉक आहे, तेव्हा 'वर्षभर पगाराविना' या शब्दांचा अर्थ मला पुस्तकातून समजून घ्यावा लागत नाही. वकील रजा घेतो, उद्योजक धंदा भागीदारावर सोपवतो. वेटरने पाळी सोडली तर त्या आठवड्याचं भाडं जातं. निवडणूक आयोगाने २००२ पासून उमेदवाराला प्रचारनिधीतून स्वतःसाठी पगार घ्यायला परवानगी दिली आहे आणि २०२४ मध्ये ते नियम आणखी सैल केले. पण निधी आधी जमायला हवा ना. ओकासिओ-कॉर्टेझ प्रचाराचं सामान किराण्याच्या कागदी पिशवीत भरून बारच्या मागे ठेवत, पाळी संपली की ती पिशवी घेऊन निघत. निवडून आल्यावरही, पगार सुरू होईपर्यंत वॉशिंग्टनमध्ये घर कसं घ्यायचं हा प्रश्न त्यांनी उघडपणे बोलून दाखवला. त्यावरही आमच्या गटावर विनोद झाले.

माझे आजोबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. १९६७ची गोष्ट ते रंगवून सांगायचे. मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणवले जाणारे स. का. पाटील आणि त्यांच्यापुढे टॅक्सीवाल्यांची, पालिका कामगारांची युनियन चालवणारा जॉर्ज फर्नांडिस. पाटलांनाही पाडता येतं, एवढंच सांगणारी पोस्टरं दक्षिण मुंबईत लागली होती. आजोबा म्हणायचे, पोस्टर वाचेपर्यंत ते आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती प्रायमरी नव्हती, सार्वत्रिक निवडणूक होती, हे मान्य. तरी जॉर्जची गोष्ट आपल्या घराघरांत कौतुकाने सांगितली जाते आणि तीच गोष्ट क्वीन्समध्ये घडली की आपण दात काढतो. का? मला एकच कारण दिसतं. १९६७ साली आपण कंडक्टर होतो. आता आपण पाटलांच्या बाजूला बसतो. गणेशोत्सवाला खासदार येतात, आपण शाल-श्रीफळ देतो, मोडकंतोडकं 'नमस्कार' ऐकून टाळ्या वाजवतो, फोटो फेसबुकवर जातो. त्यांना आव्हान देणारा कुणी उभा राहिला की आपला फोटो जुना होण्याची भीती वाटते.

इथवर वाचून माना डोलावल्या असतील, तर आता जरा अवघड प्रश्न. खासदार आपलाच असेल तर?

आता मी डेट्रॉइटमध्ये काम करते. शहराचा मोठा भाग ज्या १३व्या मतदारसंघात येतो, त्याचे खासदार २०२३ पासून श्री ठाणेदार आहेत. त्यांची कथा तुम्हाला सांगायला नको, 'ही श्रीची इच्छा' अनेकांच्या कपाटात असेल. बेळगावातली गरिबी, बँकेतली नोकरी, १९७९ साली अमेरिका, रसायनशास्त्रात डॉक्टरेट, मग मिशिगन विद्यापीठात पोस्टडॉक. त्या शेवटच्या शब्दाने मला अगदी जवळच्या वाटलेल्या या माणसाने पुढे कंपन्या उभारल्या, २०१८ साली गव्हर्नरपदासाठी स्वतःचे एक कोटी डॉलरहून जास्त घातले आणि हरले. २०२२ साली खासदारकीच्या प्रायमरीत पन्नास लाखांहून जास्त घातले आणि नऊ उमेदवारांत सुमारे २८ टक्के मतं घेऊन जिंकले. पक्षातल्या प्रस्थापितांचा उमेदवार वेगळा होता. बाहेरून येऊन रांगेत न थांबता आव्हान देण्याचा हक्क त्यांनी बजावला आणि आपण सगळे आनंदलो. मीसुद्धा.

त्या विजयाची दुसरी बाजू आपल्या बातम्यांत आली नाही. १९५५ पासून डेट्रॉइटने काँग्रेसमध्ये सतत कृष्णवर्णीय प्रतिनिधी पाठवला होता. ती साखळी तिथे तुटली. तीन चतुर्थांशांहून अधिक लोक कृष्णवर्णीय असलेल्या आणि एक तृतीयांश लोक दारिद्र्यरेषेखाली असलेल्या शहराला याचं काय वाटलं असेल, हे आपण विचारलं का? विचारणार कुठे? मिशिगनमधली बहुतेक मराठी घरं नोव्हाय, ट्रॉय, कँटनला. त्यांतलं एकही गाव १३व्या मतदारसंघात नाही. खासदार आपला, मतदारसंघ त्यांचा. रस्त्यावरचे दिवे, पाण्याची बिलं, बंद पडलेल्या शाळा त्यांच्या आणि अभिमान तेवढा आपला.

एप्रिल २०२५ मध्ये डोनॅव्हन मॅकिनी यांनी २०२६च्या प्रायमरीत ठाणेदारांविरुद्ध उभं राहायचं जाहीर केलं. डेट्रॉइटमध्ये वाढलेले, कामगार युनियनमध्ये काम केलेले. अगदीच नवखे नाहीत, राज्याच्या विधानसभेत आमदार आहेत. त्यांच्या मागे उभी राहिलेली संघटना जस्टिस डेमोक्रॅट्स, म्हणजे २०१८ साली ओकासिओ-कॉर्टेझच्या मागे होती तीच. आणि आपल्याकडची प्रतिक्रिया? "एक मराठी माणूस तिथवर पोचला, तर लगेच पाय ओढायला निघाले." हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या जेवणांत ऐकलं. तिन्ही वेळा बोलणाऱ्याला मॅकिनींचं नाव माहीत नव्हतं.

पाय ओढणं? दोन वर्षांची मुदत संपल्यावर मालकाने हिशेब मागणं याला पाय ओढणं म्हणतात का? ठाणेदार चांगले खासदार आहेत की नाहीत, हे १३व्या मतदारसंघाने ठरवावं. माझं भांडण त्यांच्याशी नाहीच. माझं भांडण 'आपला' या शब्दाशी आहे, कारण क्राउलींचे समर्थकही तोच शब्द वापरत होते.

तुमचा एक आक्षेप मात्र खरा आहे. ज्येष्ठ खासदार गेला की मतदारसंघाचं वजन जातं, आणि नवखा माणूस नुसता नवखा म्हणून चांगला ठरत नाही. कबूल. सेंट लुइसच्या कोरी बुश परिचारिका होत्या, काही काळ गाडीत राहिलेल्या. २०१८ साली प्रस्थापित खासदाराकडून हरल्या, २०२० साली त्यालाच हरवून गेल्या आणि २०२४च्या प्रायमरीत स्वतःच हरल्या. त्यांच्याविरुद्ध बाहेरून आलेला पैसा प्रचंड होता आणि मला त्याचा राग आहे. पण त्यांच्याविरुद्ध कुणी उभं राहिलं याचा नाही. २०१८ साली सबंध देशात प्रायमरीत हरलेले विद्यमान खासदार होते अवघे चार. ४३५ जागांत चार! जिथे दार इतकं घट्ट लागलेलं आहे, तिथे 'लोक फार लवकर बदल मागतात' ही तक्रार मला समजत नाही.

मिशिगनमध्ये तर पक्षात नाव घालायचीही गरज नाही. ऑगस्टमध्ये जायचं, मतपत्रिकेवर एका पक्षाचा रकाना निवडायचा, झालं. न्यूयॉर्कचं वेगळं आहे. तिथे आधी पक्षात नाव लागतं. २०१८च्या जूनमध्ये मत द्यायला काकांना २०१७च्या ऑक्टोबरातच नाव घालावं लागलं असतं. नंतर ती मुदत फेब्रुवारीपर्यंत आली.

मी अजूनही व्हिसावरच आहे. मत नाही, देणगी देणंही कायद्याने बंद. जॅक्सन हाइट्सच्या काकांना अधूनमधून फोन करते. गेल्या खेपेला म्हणाले, "घातलं बाई एकदाचं नाव पार्टीत. पण ऐक, तुझ्या त्या बारवालीला मी मत देणार नाही हं."

"नका देऊ," मी म्हटलं. "तिच्याविरुद्ध कोण उभं आहे ते बघा आणि त्याला द्या. पण जूनमध्ये द्या."