तैवानच्या मतपेटीतील दोन उत्तरे

२४ नोव्हेंबर २०१८ रोजी तैवानमध्ये स्थानिक निवडणुकांबरोबरच दहा प्रश्नांवर सार्वमत घेण्यात आले. हातात मतपत्रिकांचा गठ्ठा घेऊन मतदार तासन्‌तास रांगांत उभे होते. मतदानाची चार वाजताची मुदत टळून गेल्यावरही अनेक केंद्रांवर रांगा संपल्या नव्हत्या आणि अन्यत्र मतमोजणी सुरूही झाली होती. या दहांपैकी पाच प्रश्न समलिंगी संबंधांविषयीचे होते. तीन विवाहाचे, दोन शालेय शिक्षणाचे. नागरी संहितेतील विवाह हा एक पुरुष व एक स्त्री यांच्यापुरताच असावा काय, या प्रश्नाला सुमारे ७६ लाख ५८ हजार मतदारांनी 'होय' असे उत्तर दिले. 'नाही' म्हणणारे २९ लाखांच्या आसपास होते. म्हणजे ७२ टक्क्यांहून अधिक मतदारांनी विवाहाची परंपरागत व्याख्या उचलून धरली.

या कौलावर जगभर ज्या प्रतिक्रिया उमटल्या, त्या कौलाइतक्याच बोलक्या आहेत. तीन वर्षांपूर्वी, मे २०१५ मध्ये, आयर्लंडच्या जनतेने ६२ टक्के मतांनी समलिंगी विवाहाला घटनात्मक मान्यता दिली होती. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाने टपालाद्वारे जनमत अजमावले, तेव्हा ६१.६ टक्के नागरिकांनी अनुकूल मत नोंदविले. त्या दोन्ही प्रसंगी पाश्चात्त्य प्रसारमाध्यमांनी लोकशाहीचे पोवाडे गायले. जनता नेत्यांच्या पुढे गेली, सामान्य माणसाने धर्मसत्तेला धडा शिकविला, असे अग्रलेख लिहिले गेले. आयर्लंडपेक्षा दहा टक्के अधिक बहुमताने तैवानी जनतेने उलट कौल दिला, तेव्हा मात्र एकाएकी शोध लागला की मानवी हक्कांचे प्रश्न मतदानाला टाकायचेच नसतात! जनता मागासलेली ठरली, अपप्रचाराला बळी पडलेली ठरली. कौल मनाजोगता असला की ती जनता आणि मनाविरुद्ध गेला की तो जमाव, ही पुरोगामी वर्तुळातील व्याख्या भारतातील वाचकांनाही अपरिचित नाही.

न्यायाने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ऑस्ट्रेलियातील समलिंगी विवाहाच्या समर्थकांपैकी अनेकांनी तेथील मतदानालाच आधी विरोध केला होता. अल्पसंख्येने असलेल्यांच्या आयुष्याचा निकाल बहुसंख्येच्या मतावर लावू नये, ही त्यांची भूमिका होती आणि जिंकण्यापूर्वीपासून ती होती. अशा सुसंगत विरोधकांशी वाद घालता येतो. त्यांच्यावर दुटप्पीपणाचा आरोप करता येत नाही.

पराभूतांच्या प्रतिक्रियाही ठिकठिकाणी निराळ्या होत्या. आयर्लंडच्या निकालानंतर व्हॅटिकनचे राज्यसचिव (सेक्रेटरी ऑफ स्टेट) कार्डिनल पारोलिन यांनी हा मानवतेचा पराभव असल्याचे म्हटले. याउलट डब्लिनचे आर्चबिशप डिआर्मुइड मार्टिन यांनी चर्चने वस्तुस्थितीचे भान ठेवून स्वतःची तपासणी करावी, असे सुचविले. एकाच चर्चमधील हे दोन सूर. हरलेल्यांपैकी एकाने समाजाकडे बोट दाखविले, दुसऱ्याने स्वतःकडे.

तैवानमधील सार्वमताच्या मोहिमेची सूत्रे ज्यांच्या हाती होती, त्यांत ख्रिस्ती गट अग्रभागी होते. परंतु तैवानमधील ख्रिस्ती लोकसंख्या अगदीच थोडी आहे. ७६ लाख मते चर्चमध्ये जाणाऱ्यांची असूच शकत नाहीत. ती मते बौद्ध व ताओ परंपरेतील सामान्य गृहस्थांची आहेत. घरात पूर्वजांच्या नावांच्या पट्टिका मांडून त्यांपुढे उदबत्ती लावणाऱ्या, वंश पुढे चालविणे हे पितरांचे ऋण मानणाऱ्या कुटुंबांची आहेत. पितृऋण म्हणजे काय, हे हिंदू घरात समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे या मतांमागे केवळ द्वेष होता, असे म्हणणाऱ्यांना आशियातील कुटुंब कळलेलेच नाही, असे म्हणावे लागेल. आपल्या भूमीतील भावनेला शब्द देण्याचे काम मिशनऱ्यांच्या शब्दकोशावर सोडून द्यावे लागले, ही तेथील परंपरानिष्ठांची खरी शोकांतिका. पाप आणि शिक्षा यांची जी भाषा त्या मोहिमेत काही ठिकाणी शिरली, ती पूर्वजपूजकांची भाषा नव्हती.

येथवरचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. ज्याची चर्चा फारशी झाली नाही, तो भाग पुढचा आहे. त्याच मतदाराच्या हाती त्याच दिवशी आणखी एक मतपत्रिका होती. नागरी संहितेत बदल न करता अन्य मार्गाने समलिंगी व्यक्तींच्या कायम सहजीवनाच्या हक्कांचे रक्षण करावे काय, असा तिच्यावरील प्रश्न होता. हा प्रश्नही विरोधकांच्याच गटाने मांडलेला होता. त्याला ६४ लाखांनी होकार दिला. प्रमाण ६१ टक्के. (या नकारांत अर्थातच पूर्ण विवाहहक्क मागणाऱ्यांचाही वाटा होता, दुय्यम दर्जाचा वेगळा कायदा त्यांना नको होता.) म्हणजे तैवानी समाजाने एकाच दिवशी दोन उत्तरे दिली. विवाहाला हात लावू नका, हे पहिले. या माणसांना वाऱ्यावर सोडू नका, हे दुसरे. जल्लोष करणाऱ्यांनी पहिले तेवढे ऐकले. आक्रोश करणाऱ्यांनीही पहिलेच ऐकले.

हे दुसरे उत्तर कोठून आले? ऑक्टोबर २०१६ मध्ये तैपेईत एक घटना घडली होती. तेथील विद्यापीठात अनेक वर्षे फ्रेंच शिकविलेल्या, मूळच्या फ्रान्समधील एका वृद्ध प्राध्यापकांचा इमारतीवरून पडून मृत्यू झाला. त्यांनी आत्महत्या केली असावी, असे त्यांच्या मित्रांचे म्हणणे होते. त्यांचे सुमारे ३५ वर्षांचे तैवानी सहचर वर्षभरापूर्वी कर्करोगाने गेले होते. अखेरच्या दिवसांत उपचारांविषयी निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार या प्राध्यापकांना नव्हता. ३५ वर्षे एका घरात काढलेला माणूस रुग्णालयाच्या कागदावर परका ठरला. ही वार्ता तैवानमध्ये घरोघरी वाचली गेली आणि कायद्याच्या मागणीला त्यानंतर जोर चढला. परंपरा मानणाऱ्या मनालाही ही गोष्ट बोचली असेल, तर त्यात नवल नाही. मरणाऱ्याच्या उशाशी कोणी बसावे, हा प्रश्न परंपरेने कधीच क्षुल्लक मानलेला नाही.

सार्वमताच्या आधीच, २४ मे २०१७ रोजी, तैवानच्या घटनात्मक न्यायाधीशांनी ७४८ क्रमांकाचा निर्णय देऊन समलिंगी जोडप्यांना विवाहाचा मार्ग बंद ठेवणे घटनाबाह्य ठरविले होते आणि कायदा करण्यासाठी सरकारला दोन वर्षांची मुदत दिली होती. चि चिया-वेई यांनी १९८६ पासून चालविलेल्या लढ्याची ती परिणती होती. सार्वमतानंतर न्यायसंस्थेने स्पष्ट केले की जनतेचा कौल घटनात्मक निर्णयाला ओलांडू शकत नाही. समाजजीवनाच्या मूळ संस्थेविषयीचा निर्णय मूठभर न्यायाधीशांनी आधी घ्यावा आणि कोट्यवधी मतदारांना नंतर विचारावे, हा क्रमच उलटा होता. जनतेला जर विचारायचे, तर तिच्या उत्तराला वजन असले पाहिजे. वजन नसेल, तर तिला रांगेत उभे करण्याचे कारण नाही.

सरकारने यातून जी वाट काढली, तीत पौर्वात्य शहाणपण दिसते. १७ मे २०१९ रोजी, बाहेर पावसात हजारो लोक उभे असताना, तेथील विधिमंडळाने नवा कायदा संमत केला. नागरी संहितेला हात लावला नाही. कायद्याच्या शीर्षकात विवाह हा शब्दही घातला नाही. ७४८ क्रमांकाच्या निर्णयाच्या अंमलबजावणीचा कायदा, असे रुक्ष नाव दिले. आत मात्र विवाहनोंदणीची तरतूद ठेवली. नोंदणीचे ते कलम ६६ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाले. वारसा आला, उपचारांविषयीचे अधिकार आले. दत्तकाचा हक्क प्रथम सहचराच्या स्वतःच्या अपत्यापुरताच होता, तो २०२३ मध्ये विस्तारला.

या कायद्यातील एक उणीव मात्र हिंदू वाचकाने आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे. २०१९ च्या कायद्याने दोन व्यक्तींचे नाते जोडले, पण दोन कुटुंबांचे जोडले नाही. सासू-सासरे, दीर, नणंद, मेहुणा ही नाती त्यातून कायद्याने निर्माण होत नाहीत. विवाह झाला, सोयरीक झाली नाही, अशा अर्थाची म्हणच तेथे रूढ झाली. समर्थकांना हा अन्याय वाटला. काही विरोधकांना त्यात समाधान वाटले. वस्तुतः विवाह म्हणजे काय, याचे इतके नेमके निदान कोणत्याही व्याख्यानातून झाले नसते. हिंदू दृष्टीने विवाह हा दोन व्यक्तींमधील करार नाही, तो संस्कार आहे. त्यात व्याही येतात, विहिणी येतात, त्यांचे रुसवेफुगवे येतात, मामाचा मान येतो, आणि या साऱ्या गोतावळ्यातून नव्या गृहस्थाश्रमाला आधार मिळतो. नोंदणी कार्यालयाच्या शिक्क्याने सोयरीक निर्माण होत नसते. मग तीच सोयरीक ज्या मुलाला वा मुलीला कधीच मिळणार नाही, त्याच्या म्हातारपणाचे काय, हा प्रश्नही त्याच गोतावळ्याने विचारायला हवा.

सार्वमताच्या दिवशीच सत्ताधारी पक्षाचा स्थानिक निवडणुकांत दारुण पराभव झाला होता. २२ पैकी १३ नगरे व जिल्हे त्याच्याकडे होते, ते ६ वर आले. राष्ट्राध्यक्षा साय इंग-वेन यांनी पक्षाध्यक्षपद सोडले. समलिंगी विवाहाचा कायदा करणारे हे सरकार आता टिकत नाही, असे भाकीत सर्वत्र केले जात होते. जानेवारी २०२० मध्ये त्याच साय इंग-वेन ८१ लाखांहून अधिक मते घेऊन पुन्हा निवडून आल्या. हाँगकाँगमधील घडामोडींमुळे चीनची धास्ती मतदाराच्या मनात वरचढ ठरली होती, हे त्याचे मोठे कारण. पण विवाहविरोधी मोहिमेतूनच जन्मलेल्या पक्षाला त्या निवडणुकीत एक टक्काही मते मिळाली नाहीत, याचा अर्थ केवळ चीनच्या धास्तीने लागत नाही. पुढे सरकारी पाहण्यांत समलिंगी विवाहाला अनुकूल असणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मधील सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६० टक्क्यांपर्यंत गेल्याचे दिसून आले. ७६ लाख मते एका दिवसात गोळा करणाऱ्यांना तीन वर्षांत ती राखता आली नाहीत. मतदानाच्या आधी पत्रके वाटली गेली, सभा झाल्या, लाखोंच्या सह्या जमविल्या गेल्या. मतदानानंतर कोणी कोणाच्या घरी गेले नाही. विवाह टिकविण्यासाठी मत मागणारे होते, कुटुंब टिकविण्यासाठी घरात बसून बोलणारे नव्हते.

भारताच्या संविधानात राष्ट्रीय सार्वमताची तरतूद नाही आणि ती नाही हे बरेच आहे. येथे हा प्रश्न न्यायालयामार्गे आला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे एकमताने सांगितले आणि कायदा करण्याचे काम संसदेचे असल्याचे मान्य केले. सहजीवनाला कायदेशीर मान्यता देण्याच्या मुद्द्यावर तीन विरुद्ध दोन असा निर्णय झाला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड अल्पमतात राहिले. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. तैवानच्या न्यायाधीशांनी जी मर्यादा ओलांडली, ती येथे पाळली गेली. त्याचे स्वागत झाले, ते योग्यच झाले.

जानेवारी २०२३ मध्ये 'पाञ्चजन्य' व 'ऑर्गनायझर' यांना दिलेल्या मुलाखतीत सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी असे लोक समाजात पूर्वापार आहेत, त्यांना त्यांचा अवकाश मिळाला पाहिजे, हे जरासंधाच्या हंस व डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन सांगितले होते. त्यानंतर दोन महिन्यांनी सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी विवाह हा संस्कार असून तो स्त्री-पुरुषांमध्येच होतो, हे स्पष्ट केले. तैवानी मतदाराने दिलेली दोन उत्तरे हीच आहेत. कार्यकर्त्यांच्या बोलण्यात मात्र बहुधा दुसरे विधान येते, पहिले गळून जाते. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत मुलांच्या मोबाईलविषयी, एकत्र भोजनाविषयी बोलले जाते. 'आमचा मुलगा लग्नाला तयार नाही आणि त्याचे कारण त्याने आम्हाला सांगितले आहे', असे एखाद्या आईने त्या बैठकीत म्हटले, तर पुढे काय बोलायचे, याची तयारी किती जणांनी केलेली असते? त्या घराने समाजाच्या भीतीने मुलाचे एखाद्या अजाण मुलीशी लग्न लावून दिले, तर संस्काराची विटंबना न्यायालयाने केली असे म्हणता येणार नाही.

सरकारने काही पावले टाकली आहेत. एप्रिल २०२४ मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्याच वर्षी संयुक्त बँक खाते उघडण्यास व त्यावर सहचराचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नसल्याचे अर्थ मंत्रालयाने कळविले. शिधापत्रिकेसाठी अशा सहचरांना एकाच घरातील मानावे, अशी सूचना राज्यांना गेली. निकटचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा सहचराला पार्थिव ताब्यात मिळावे, यासाठी आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिले. ही सारी परिपत्रके आहेत. परिपत्रक काढणारा हात दुसरे परिपत्रक काढून ते मागेही घेऊ शकतो. वारशाचा, निवृत्तिवेतनाचा प्रश्न परिपत्रकाने सुटत नाही. विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचविणारे एक खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत मांडले होते. ते मान्य होण्याजोगे होते, असे नव्हे. पण त्याला उत्तर म्हणून विवाहाची व्याख्या अबाधित ठेवून सहजीवनाच्या मर्यादित हक्कांचे विधेयक दुसऱ्या बाजूने कोणी मांडले नाही. हा विषय न्यायालयाचा नव्हे, संसदेचा आहे, असे ठामपणे सांगणाऱ्या पक्षांचे शेकडो खासदार त्या सभागृहात बसत होते. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि सुळे यांचे विधेयकही चर्चेविनाच संपुष्टात आले.